रुमाल कोणत्या कपाटात?

मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की "आपण काय करता?" हा प्रश्न ठरलेला. "लॉ फर्ममध्ये असतो" म्हटलं की समोरचा चेहरा खुलतो आणि "वकील नाही, लायब्ररीत" म्हटलं की तेवढ्याच झटकन पडतो! अलीकडे मात्र मंडळी थांबून विचारतात, "मग तुमची नोकरी आता एआय खाणार का हो?" म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आमच्या न्यू जर्सीच्या फर्ममध्ये वकिलांनी वर्षानुवर्षं करारनामे, नोटिसा, अर्ज लिहून ठेवलेत. एका वकिलाने दहा वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न आज दुसऱ्यापुढे येतो, पण त्याला पत्ताच नसतो. तो पुन्हा पहिल्यापासून खणत बसतो आणि त्या तासांचं बिल जातं अशिलाला. हे टाळण्याच्या खटाटोपाला 'नॉलेज मॅनेजमेंट' असं भारदस्त नाव आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद आहेत ना? कोणता रुमाल कुठल्या कपाटात, हे सांगणारा माणूस लागतोच. आम्ही तो माणूस!

कोर्टाचे निवाडे शोधायला १९७३ पासून लेक्सिस आणि १९७५ पासून वेस्टलॉ आहे. पण फर्मच्या स्वतःच्या कागदांचं काय? तिथे जुना संगणक फक्त शब्द जुळवायचा. नेमका शब्द आठवला नाही तर कागद हाती लागत नसे. नवी यंत्रणा अर्थावरून शोधते. आधी आपल्याच दप्तरातले कागद काढते, त्यांवरून उत्तर लिहिते आणि कोणत्या कागदातून काय घेतलं तेही दाखवते. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत! आम्हीही हरखून गेलो.

मग एक प्रसंग घडला. एका तरुण वकिलाने दुकानाच्या भाडेकरारासाठी कलम मागितलं. यंत्राने क्षणात सुरेख कलम दिलं. नशिबाने निवृत्तीला टेकलेले आमचे ज्येष्ठ वकील तिथून चालले होते. पडद्याकडे बघून म्हणाले, "अरे, याच कलमापायी आपला अशील तोंडघशी पडला होता. तेव्हापासून आपण ते वापरत नाही!" कागद खरा, फर्मचाच, पण तो बाद झालाय हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं दोन महिन्यांनी फ्लॉरिडाला निघालं होतं.

ते दोन महिने आम्ही रोज त्यांच्यासमोर बसलो. कोणता मसुदा अखेरचा, कोणता बाद, कोणता कशासाठी केला, हे एकेका कागदावर नोंदवलं. यंत्राला कागद वाचता येतो, त्याची कुंडली माणसालाच मांडावी लागते.

न तपासता विश्वास टाकला तर काय होतं, ते २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दिसलं. आव्हिआन्का विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले. ५,००० डॉलर दंड झाला. कायद्यासाठी खास बनवलेली विकतची साधनंही चुकतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ साली तपासली, तेव्हा ती सहापैकी निदान एका प्रश्नाला चुकीचं काही सांगत होती. त्याच वर्षी जुलैत अमेरिकन बार असोसिएशनने वकिलांना बजावलं की साधन समजून घ्या, अशिलाची गुपितं सांभाळा, उत्तर तपासा. आणि तासावर बिल लावत असाल तर प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचंच लावा.

गुपितांची चिंता आम्हाला सर्वांत मोठी. एका अशिलाची गोष्ट दुसऱ्याच्या उत्तरात डोकावली तर फर्मची अब्रूच गेली. म्हणून ज्याला जी फाइल बघायची परवानगी नाही, त्याच्यासाठी यंत्रानेही ती उघडता कामा नये, याची आम्ही वारंवार परीक्षा घेतो.

आता तुमच्या कामाचं. मृत्युपत्र असो, घराचा करार असो वा एच-वनचे कागद असोत, ते कुठल्याही फुकटच्या चॅटमध्ये टाकू नका. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असतं, यंत्राशी केलेल्या गप्पांना ते असेलच असं धरून चालू नका. आणि आपल्या वकिलाला बिनधास्त विचारा, "तुम्ही एआय वापरता का? त्याचं लिहिलेलं तपासतं कोण?"

आणि आमची नोकरी? आहे अजून. उलट रुमाल वाढलेत. अधूनमधून फ्लॉरिडाला फोनही करावा लागतो!