निद्रा व जागृती : मेंदूतील नियंत्रण

निद्रा म्हणजे मेंदूचे कार्य थंडावणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शरीरक्रियाविज्ञानाने ती चुकीची ठरविली आहे. व्हिएन्ना येथील कॉन्स्टँटिन फॉन इकॉनोमो यांनी १९१७ मध्ये साथीच्या निद्राकारी मेंदूदाहाचे वर्णन केले. ज्या रुग्णांच्या हायपोथॅलॅमसच्या मागील भागास इजा झाली होती, ते सतत झोपत. पुढील भागास इजा झालेल्यांना मात्र झोपच येत नसे. यावरून निद्रा व जागृती यांची केंद्रे भिन्न असावीत, असे अनुमान त्यांनी काढले.

१९४९ मध्ये मोरुझ्झी व मॅगून यांनी मस्तिष्कस्तंभातील जालिकामय रचना जागृतीस कारणीभूत असल्याचे दाखविले. पुढे १९९६ मध्ये हायपोथॅलॅमसच्या पुढील भागात निद्राकाळी सक्रिय होणाऱ्या चेतापेशी आढळल्या. त्या जागृतीच्या केंद्रांना शांत करतात. उलटपक्षी ती केंद्रेही जागेपणी या पेशींना दडपून ठेवतात. १९९८ मध्ये शोध लागलेले ओरेक्सिन हे द्रव्य जागृतावस्था स्थिर राखते. ते निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यास नार्कोलेप्सी या विकाराचा पहिला प्रकार उद्भवतो आणि रुग्णास दिवसा अनावर झोप येते.

हा विकार बहुधा किशोरवयात वा तारुण्यात, म्हणजेच शिक्षणाच्या काळात सुरू होतो. म्हणून रात्री पुरेशी झोप घेऊनही वर्गात वारंवार झोपी जाणाऱ्या विद्यार्थ्यास आळशी ठरविण्यापूर्वी प्राध्यापकांनी त्यास वैद्यकीय तपासणीचा सल्ला देणे उचित होय.