शोधायला गेलो पेण, सापडलं ओपन!

प्रोजेक्ट सबमिशनची आदली रात्र. एक्सेल फाईल वाचण्यासाठी पायथनचं एक पॅकेज हवं होतं. मी पेणचा, रूममेट रोह्याचा. दोघेही कीबोर्ड बडवत बसलो होतो. शेवटी शेजारच्या रूममधल्या सीनियरने नाव सांगितलं : ओपनपायएक्सएल. नावात 'एक्सेल' हा शब्दच नाही! नाव माहीत असेल तर पॅकेज मॅनेजर एका ओळीत काम करतो. नाव माहीत नसेल तर सर्चवर भिस्त, आणि नेमका तोच बऱ्याचदा कच्चा असतो.

का कच्चा? डेबियन किंवा उबुंटूवरची 'अ‍ॅप्ट सर्च' ही कमांड नावात आणि वर्णनात आपण दिलेली अक्षरं जुळतात का, एवढंच पाहते. इंग्रजीत 'पेण' टाइप करून बघा. 'ओपन'वाली सगळी पॅकेजेस हजर, कारण ओपनमध्येही पी, ई, एन ओळीने आहेतच! पायथनच्या 'पिप'मधला सर्च तर सर्व्हरवरच्या ताणामुळे डिसेंबर २०२० मध्ये बंदच करावा लागला.

मग सुधारायचं कसं?

पहिलं, सूची. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असते तशी : हा शब्द कुठल्या कुठल्या पॅकेजमध्ये आला. म्हणजे दरवेळी सगळं चाळावं लागत नाही, आणि अख्खा शब्द जुळतो, तुकडा नाही. सूचीत शब्दाचं मूळ रूप ठेवायचं. रोहा, रोह्याला, रोह्याहून : गाव एकच ना?

दुसरं, वजन. हमरापूर किंवा जोह्याला जाऊन "गणपतीचा कारखाना कुठे?" विचारलं, तर लोक हसतील, तिथे घरोघरी कारखाने. "शाडूची, दीड फुटी, सिंहासनावरची" म्हटलं की बरोबर दारात पोचाल. जो शब्द सगळीकडे आहे त्याला किंमत कमी, दुर्मिळ शब्दाला जास्त. हे तत्त्व केरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलं. शिवाय शब्द नावात सापडला तर जास्त गुण, लांबलचक वर्णनात सापडला तर कमी.

तिसरं, चुका पोटात घालणं. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, ते मोजायचं. याला लेव्हेनश्टाइन अंतर म्हणतात. रोहा आणि रोहे यांत अंतर एक.

पण इथेच खरी मेख आहे. डिसेंबर २०१९ मध्ये पायथनच्या भांडारात 'जेलीफिश'चा तोतया सापडला. पहिल्या छोट्या 'एल'च्या जागी मोठा 'आय'. डोळ्यांना फरक दिसेना. तो इन्स्टॉल करणाऱ्याच्या गुप्त किल्ल्या चोरत होता. गंमत म्हणजे खरं जेलीफिश हे शब्दांतलं साम्य मोजणारंच पॅकेज! म्हणजे चुका माफ करणारा सर्च तोतयालाही खऱ्याच्या शेजारी आणून बसवू शकतो. म्हणून तेच अंतर इशारा द्यायलाही वापरावं : नवं नाव एखाद्या प्रसिद्ध नावापासून एकाच अक्षरावर असेल, तर थांबवून विचारा.

डाऊनलोडच्या आकड्यावर क्रम लावावा का? थोडाफार. पण आपोआप चालणाऱ्या यंत्रणाही तीच पॅकेजेस रोज उतरवतात, त्यामुळे आकडा फुगतो. आणि नवं, चांगलं पॅकेज तळाशीच राहतं.

सुधारणा झाली की नाही, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. हॉस्टेलमधल्या पोरांना विचारून पन्नास खरे प्रश्न गोळा करा, प्रत्येकाचं योग्य उत्तर लिहून ठेवा, आणि ते पहिल्या पाचात येतं का ते आधी आणि नंतर तपासा. मिनी-प्रोजेक्टला झकास विषय आहे, सरांनाही आवडेल!

आणि स्वतः पॅकेज लिहाल तेव्हा वर्णनात 'एक्सेल फाईल वाचते' असं सरळ लिहा. रात्री दोन वाजता कुणीतरी तेच शोधत असेल. इन्स्टॉल करताना मात्र घाई नको. नाव एकेक अक्षर वाचा, मगच एंटर दाबा.