दुधात चोथा असतो का?

जबलपूरची खव्याची जिलेबी सर्वपरिचित आहे. तथापि दूध आटवून खवा केला, तरी त्यात चोथा, म्हणजेच तंतुमय पदार्थ, निर्माण होत नाही. चोथा मुख्यतः वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतून मिळतो. गाई-म्हशींच्या दुधात तो नसतो. दूध प्रथिने व कॅल्शियम देते. परंतु वार्धक्यात केवळ दूध-बिस्किटांवर भागविल्यास बद्धकोष्ठता बळावू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार प्रौढांना दररोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आवश्यक आहेत. जबलपूर परिसरात विपुल पिकणाऱ्या मटारच्या १०० ग्रॅम दाण्यांत ते सुमारे ५ ग्रॅम असतात. म्हणून घरातील ज्येष्ठांना दुधाच्या पेल्याबरोबरच मटारची उसळ, कोंड्यासह पिठाची पोळी, पेरू आणि पुरेसे पाणीही अगत्याने द्यावे.