रॉल्स, लू
रॉल्स, लू : (१ डिसेंबर १९३३–६ जानेवारी २००६). अमेरिकन गायक. गॉस्पेल या ख्रिस्ती भक्तिसंगीतातून पुढे येऊन ब्लूज, जॅझ व सोल या प्रकारांत त्याने कीर्ती मिळविली. संपूर्ण नाव लुई ॲलन रॉल्स. जन्म शिकागो येथे. शहराच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आजीने त्याचा सांभाळ केला. वयाच्या सातव्या वर्षापासून तो बॅप्टिस्ट चर्चच्या वृंदात गाऊ लागला.

गॉस्पेलच्या चौकडी-परंपरेत प्रमुख गायक ओळ उचलतो व साथीदार स्वरमेळाने तीस प्रतिसाद देतात. प्रवचन व गायन यांतील सीमा तेथे पुसट असते. रॉल्सची जडणघडण याच परंपरेत झाली. किशोरवयात सॅम कुक या गायकाबरोबर तो गात असे. १९५१ मध्ये ‘हायवे क्यूसीज’, १९५३ मध्ये ‘चोझन गॉस्पेल सिंगर्स’ व पुढे ‘पिलग्रिम ट्रॅव्हलर्स’ या पथकांत तो सामील झाला. मधल्या काळात त्याने छत्रीधारी सैनिक म्हणूनही सेवा केली.

नोव्हेंबर १९५८ मध्ये कुकसमवेत दौऱ्यावर असताना आर्कॅन्सॉ राज्यात त्यांची मोटार मालमोटारीवर आदळली. चालक मृत्युमुखी पडला. कुकला किरकोळ दुखापत झाली. रॉल्स मात्र इतका जबर जखमी झाला, की प्रारंभी तो मृतच समजला गेला. सुमारे साडेपाच दिवस तो बेशुद्ध होता. स्मृती पूर्ववत होण्यास कित्येक महिने व प्रकृती सुधारण्यास जवळजवळ वर्ष लागले.

या पुनर्जन्मानंतर तो लौकिक संगीताकडे वळला. १९६२ मध्ये कुकच्या ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ या गीतास त्याने दुसऱ्या आवाजाची साथ दिली. तीत गॉस्पेलमधील प्रतिसादाची रीत स्पष्ट जाणवते. गीतापूर्वी शिकागोतील दारिद्र्याविषयी लयबद्ध निवेदन करण्याची त्याची लकबही प्रवचनाशी नाते सांगते. धीरगंभीर, मंद्रसप्तकात सहज विहरणारा आवाज हे त्याचे वैशिष्ट्य. ‘यू विल नेव्हर फाइंड अनदर लव्ह लाइक माइन’ (१९७६) हे त्याचे सर्वाधिक लोकप्रिय गीत. त्यास तीन ग्रॅमी पुरस्कार लाभले.

कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांसाठी त्याने १९८० च्या सुमारास दूरचित्रवाणीवर सुरू केलेल्या वार्षिक कार्यक्रमातून २० कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. उत्तरायुष्यात तो पुन्हा गॉस्पेल ध्वनिमुद्रणांकडे वळला. लॉस अँजेल्स येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.