पूरनावेचे इंजिन

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांना यांत्रिक नावेचे मोल कळले. परंतु नावेच्या मागील फळीस अडकवावयाचे हे पेट्रोल-इंजिन वर्षभर खोलीत पडून राहिल्यास ऐन पुरात दगा देऊ शकते. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून जाते आणि उरलेला चिकट थर त्याची बारीक छिद्रे बुजवितो. म्हणून इंजिन ठेवून देण्यापूर्वी इंधनाची तोटी बंद करून ते आपोआप थांबेपर्यंत चालवावे. मात्र खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवूनच. कोरडे चालविल्यास थंडाव्यासाठी पाणी ओढणारे रबरी चक्र खराब होते. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार थांबताच ते बंद करावे. पावसाळ्यापूर्वी ताजे पेट्रोल घालून एकदा तरी चालवून पाहणे अगत्याचे. आणखी एक साधी गोष्ट: टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू मिटलेला राहिल्यास निर्दोष इंजिनही थोड्याच वेळात, बहुधा भर प्रवाहात, बंद पडते.