पटाबाहेरची मुलं

१० फेब्रुवारी २०१५ रोजी पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला गेला, तेव्हा पहिल्या ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्र होता. पुढच्या वर्षी मोहीम देशभर पोहोचली. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, दोन वर्षांखालच्यांना अर्धी, राहिलेल्यांसाठी मॉप-अप दिन आणि ऑगस्टमध्ये दुसरी फेरी, अशी तिची रचना. शौच न तपासता सरसकट औषध का, हा आक्षेप तेव्हापासूनचा. पण तपासणीचा खर्च गोळीच्या कितीतरी पट आहे आणि औषध सुरक्षित आहे. म्हणूनच जिथे २० टक्क्यांहून अधिक मुलांत जंत आढळतात, तिथे जागतिक आरोग्य संघटनाही हाच मार्ग सुचवते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केनियातील ७५ शाळांच्या अभ्यासात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांना गैरहजेरी सुमारे पावपट घटलेली दिसली; उलट उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख बालकांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन वा मृत्युदरात ठळक फरक आढळला नाही. मग गोळी निरुपयोगी ठरते का? माझ्या मते नाही. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो, त्यामुळे ज्याच्या पोटात जंत जास्त त्याचा रक्तक्षय मोठा. थोडे जंत असलेल्या मुलाला गोळीने फारसा फरक पडत नाही. सगळ्यांची सरासरी काढली की मोठा लाभ झालेली थोडी मुलं तीत दिसेनाशी होतात. म्हणजे मोहिमेचं यश किती गोळ्या वाटल्या यापेक्षा त्या कुणाच्या पोटात गेल्या यावर ठरतं.

ठाणे जिल्ह्यात, भातसाकाठच्या खडवलीपासून भिवंडी-शहापूरपर्यंतच्या पट्ट्यात, हा प्रश्न टोकदार होतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं पाड्यावरून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीची फेरी नेमकी या हंगामात येते. मूल एका शाळेच्या पटावर, राहायला दुसऱ्याच गावच्या भट्टीवर. तिथे ते अनवाणी, बहुधा शौचालयाविना वाढतं. शाळाबाह्य मुलांना अंगणवाडीत गोळी द्यायची तरतूद आहे, पण भट्टी कोणत्या अंगणवाडीच्या यादीत येते, हे आधी ठरलेलं असावं लागतं. शौचालयं झाली की गोळ्या लागणारच नाहीत, असं म्हणणारे मुळावर बोट ठेवतात, कारण दूषित मातीतून जंत काही महिन्यांत परत येतात. तरीही शौचालय होईपर्यंत मुलाचं रक्त थांबून राहत नाही. म्हणून फेब्रुवारीपूर्वी आशा सेविकांकरवी भट्ट्यांची यादी करावी, गोळी भट्टीवरच खाऊ घालावी आणि अहवालात या मुलांचा वेगळा रकाना ठेवावा. तो रकाना भरेपर्यंत पटावरच्या टक्केवारीला यश म्हणू नये.