हात लहान आहेत? नेक बदलण्याआधी कॅपो लावून बघा

ज्यांचं नेटवर्क बोगद्यात जातं आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलले तेच लिहिलंय, फक्त माझे शंभर वेळा आलेले 'म्हणजे' गाळलेत. यावेळी मी पुण्यात नाही, गावी तोंडवलीला आहे. एका बाजूला गड नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, त्यामुळे ऑडिओत मागे जो आवाज येतोय तो माइकचा दोष नाही.

विषय घरातूनच निघाला. माझी चुलत बहीण नववीत आहे. काकांनी तिला नऊ हजारांना सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. तीन महिने झाले, एफ कॉर्ड काही वाजेना. मग शिकवणाऱ्या कुणीतरी सांगितलं, तुझे हात लहान आहेत, तू युकुलेले घे. गणपतीला मी आले तेव्हा गिटार पिशवीत बांधून ठेवलेली. काका म्हणाले, "हात बारके आसत तिचे. इकून टाकूया." ती काहीच बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

मला हे वाक्य ओळखीचं होतं. माझा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर. पहिला पगार आला तेव्हा मीही सगळ्यांचं ऐकलं: लहान हात, तर पातळ नेक घे. मिळाला तेवढा पातळ घेतला. वीस मिनिटं वाजवलं की अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. तेव्हा वाटलं, दोष माझाच.

इथे थोडं थांबूया, कारण 'नेकचा आकार' या दोन शब्दांत आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली जाडी. आयबानेझचा विझार्ड थ्री नावाचा नेक पहिल्या फ्रेटजवळ 19 मि.मी. जाड असतो. नेहमीचा 'सी' आकाराचा फेंडर साधारण 21. फरक दोन मिलिमीटरचा! आणि पातळ म्हणजे सोपं असंही नाही. वल्ह्याचा दांडा फार बारीक असेल तर मूठ जास्त आवळावी लागते, हात लवकर भरून येतो. तसंच इथे. अंगठा आणि बोटं फार जवळ आली की चिमटा काढल्यासारखं दाबावं लागतं. माझं दुखणं तेच होतं.

दुसरी गोष्ट खांदे, म्हणजे नेकच्या दोन्ही कडांजवळचं लाकूड. दोन नेक अगदी सारख्या जाडीचे असले तरी 'डी' आकारात कडा भरलेल्या असतात, 'सी'मध्ये त्या उतरत्या असतात. बोटांना वळसा घालून तारांपर्यंत यायचं असतं, त्यामुळे लहान हाताला उतरते खांदे बरे पडतात. दुकानात जाडीचा आकडा विचारण्यापेक्षा डोळे मिटून हात फिरवा, लगेच कळतं.

तिसरी, नटजवळची रुंदी. बहुतेक गिटारांची 42 ते 43 मि.मी. यावर फार डोकं घालवू नका.

चौथी गोष्ट मात्र खरी मोठी, आणि ती आकारात येतच नाही: स्केल लेंग्थ, म्हणजे नट ते ब्रिज तारेची वाजणारी लांबी. फेंडर स्ट्रॅटोकास्टरची 648 मि.मी., गिब्सनच्या बहुतेक गिटारांची साधारण 628, फेंडर मस्टँगची 610. लांबी कमी झाली की सगळे फ्रेट जवळ येतात. मी हिशोब केला (इंजिनिअर आहे, राहवत नाही). पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर 648 वर 97 मि.मी., 610 वर साडेएक्क्याण्णव. शिवाय त्याच तारा, त्याच सुरात, छोट्या स्केलवर साधारण 11 टक्के कमी ताणाच्या होतात. फेंडरने 1956 मध्ये म्यूझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक या साडेबावीस इंचांच्या गिटारी काढल्या, त्या शिकणाऱ्यांसाठीच. म्हणजे हा प्रश्न जुना आहे, तुमच्या हाताचा खास नाही.

आता फुकटातली युक्ती. 648 च्या गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की वाजणारी लांबी उरते 612, जवळजवळ मस्टँगएवढी. दुसऱ्या फ्रेटवर लावला तर 577, म्हणजे लहान मुलांच्या मिनी गिटारएवढी. तारा तेवढ्याच सुरांनी खाली उतरवा, सगळ्या कॉर्ड नेहमीच्याच स्वरांत वाजतात. नवीन गिटार घेण्याआधी ती घेतल्यावर हाताला कसं वाटेल ते कळतं. आमच्याकडे कॅपो नव्हता. पेन्सिल आणि रबरबँड लावलं. कडेच्या तारा खुळखुळल्या, पण चाललं.

पहिल्या फ्रेटवर पेन्सिल, आणि बहिणीची एफ कॉर्ड दुसऱ्याच प्रयत्नात वाजली. मी लगेच जाहीर केलं: स्केलचाच प्रॉब्लेम! आणि इथेच मी चुकले. ऑफिसमध्ये ज्युनिअरला रोज सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि स्वतः दोन बदलल्या. कॅपो लांबी कमी करतो, पण त्याच वेळी नटलाही खेळातून बाहेर काढतो. नटच्या खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटवर तारा उंच राहतात, आणि एफसाठी दुप्पट जोर लागतो. हात कितीही मोठा असो.

तपासायला सोपं आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यात किती फट उरते ते बघा. कागद जेमतेम सरकावा. आमच्या गिटारीत काकांचं व्हिजिटिंग कार्ड आरामात आत-बाहेर जात होतं. त्यात तारा गंजलेल्या, आणि बाराव्या फ्रेटवर तीन मि.मी. उंच, तिथे दीड-दोन पुरतात. आमच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यात नेकही हलतो, मग आतला ट्रस रॉड थोडा फिरवून त्याला सरळ करावं लागतं. हे सगळं मिळून सेटअप. नटच्या खाचा मात्र घरी कानस घेऊन घासू नका, जास्त खोल गेली तर नट बदलावा लागतो.

एक ओळखीचा माणूस मडगावला जात होता, त्याच्याबरोबर गिटार पाठवली. खाचा नीट होऊन आल्या, 10 ऐवजी 9 च्या तारा बसवल्या. पेन्सिल काढली. एफ वाजते, पण पहिल्या फ्रेटजवळ करंगळी अजून ताणावी लागते, म्हणजे स्केलचाही थोडा हिस्सा होताच. म्हणून सध्या ती कॅपो लावून शिकतेय, आणि बोटांचे व्यायाम पाचव्या फ्रेटपासून करते. तिथे तेच चार फ्रेट 97 च्या जागी 77 मि.मी.त मावतात.

काकांनी विकायचं पूर्ण सोडलेलं नाही. दिवाळीपर्यंत बघू म्हणालेत. पण परवा रात्री दोनदा ओरडले, "अगो, झोप आता!" आणि ती मात्र ओटीवर बसून तीच एक कॉर्ड वाजवत होती.